न वाचलेली पोस्टकार्डं

रिसोडच्या जैन मंदिरात दुपारी बायकांना शास्त्र वाचून दाखवायचा मान एकोणीस वर्षं अंगुरीबाईंचा होता. वाचताना कुणी कुजबुजलं, तर त्या चष्म्यावरून अशा बघायच्या की समोरचीनं उचकीही गिळावी. मी राखी, त्यांची शेजारीण, शिवणकाम करते. माझ्या दुकानाच्या पाटीतली चूक त्यांनी भर रस्त्यात उभं राहून काढली होती. मला त्या आवडायच्या, पण जरा लांबूनच.

यंदाच्या आषाढात एका सकाळी त्या पोथी घेऊन माझ्या दारात आल्या. "राखी, हे कोन्या भाषेत छापलं वं?"

पोथी रोजचीच होती. त्यांचा नवरा, पदमचंदकाका, जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा मयंक पुण्याला. म्हणून अकोल्याच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. त्यांनी मेंदूचा फोटो समोर धरला.

"डाव्या मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पोचलं नाही. डोळे चांगले आहेत. उजवा मेंदू अक्षर बघतो, पण ते ओळखणारी जागा डावीकडे आहे, आणि तिकडे जायची वाट तुटलीय. लिहिणं मात्र शाबूत असेल. नाव लिहा बरं."

अंगुरीबाईंनी झरझर नाव लिहिलं, नेहमीसारखं सुबक. मग त्या कागदाकडे नुसत्या बघत बसल्या. स्वतःच लिहिलेलं नाव त्यांना वाचता येईना. मला तिथंच रडू आलं.

"अक्षरावरून बोट फिरवत जा," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांना नाही कळलं तरी हाताला कळेल. हळूहळू."

आम्ही उठलो, तशा त्या दारातून मागे वळल्या. "लहान लेकराले असं होते का, साहेब?"

"थोडं वेगळं. काही मुलांच्या मेंदूत अक्षर आणि आवाज जोडणारी रचनाच जन्मापासून निराळी असते. हुशारीशी त्याचा संबंध नाही. वेगळ्या पद्धतीनं, सावकाश शिकवलं तर बरीच मुलं वाचायला लागतात."

"आन् मारलं तं?"

डॉक्टर हसले. "मारून मेंदू बदलतो का, काकू?"

अंगुरीबाई हसल्या नाहीत.

मंदिरात पोथी वाचायचा मान दुसरीकडे गेला. ज्या बायका इतकी वर्षं त्यांना घाबरायच्या, त्या आता त्यांना नुसतं "बसा" म्हणायच्या, आणि त्या दाराजवळ मागे बसायच्या. दुपारभर घरात एकट्या बोट फिरवून एक ओळ लावायच्या. एकदा मला म्हणाल्या, "माही लहान बहीण त्रिशला. माहेरी, रिठदले, मीच शिकवे तिले. बोल्याले हुशार, पन अक्षर पाह्यलं का गडबडे. एक दिवस मी पाटीवर 'मठ्ठ' लिवलं, तिच्या गळ्यात बांधलं आन् ओट्यावर बसवलं. तिले वाचता कुठं येत होतं? येनारे-जानारे हासत, तं तेबी त्याइच्याकडं पाहून हासे. त्या दिवसापासून शाळा सुटली तिची."

आमच्याकडे जैनांची पर्युषणानंतर क्षमावाणी असते. वर्षभराच्या चुकांची एकमेकांना क्षमा मागायची, आणि समोरच्यानं "उत्तम क्षमा" म्हणायचं. अंगुरीबाई दर वर्षी त्या दिवशी कारंज्याला, त्रिशलाबाईंच्या सासरी, पोस्टकार्ड टाकायच्या. या भादव्यात म्हणाल्या, "कार्ड नाई टाकत. जातो." एसटीच्या पाट्या वाचता येत नव्हत्या, म्हणून सोबत मी.

त्रिशलाबाई आम्हाला बघून गडबडल्या. पाणी दिलं, चहा ठेवला. मग कपाटातून नाड्यानं बांधलेला गठ्ठा काढून बहिणीपुढे ठेवला. चाळीसच्या वर कार्डं होती.

"आता तूच वाच, बाई. सासरी मी चवथी पास सांगितलं होतं. कार्ड आलं का नुसती नजर फिरवो आन् ठेवून देवो. कोनाले वाचाले दिलं असतं तं बिंग फुटलं असतं."

ज्या बहिणीला वाचता येत नाही हे सगळ्यात आधी त्यांनाच माहीत होतं, तिला अंगुरीबाई उभा जन्म क्षमा लिहून पाठवत होत्या. एवढ्या शहाण्या बाईचा हा येडेपणा! मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

त्यांनी पहिल्या कार्डावर बोट ठेवलं. अक्षर अक्षर गिरवत एक ओळ लावायला बराच वेळ गेला. 'जाणते-अजाणतेपणी काही चुकले असल्यास क्षमा असावी.' दुसरं कार्ड, तिसरं. तीच ओळ. चौथं त्यांनी उचललंच नाही.

"ज्याची क्षमा मांगाची होती, थे याच्यात कुठंच नाई," त्या म्हणाल्या. "म्या तुह्या गळ्यात पाटी बांधली होती, त्रिशले."

"हाव. लोकं हासत होते." त्रिशलाबाईंनी सुटलेला नाडा बोटाला गुंडाळला. "काय लिवलं होतं वं तिच्यावर?"

छप्पन वर्षांत त्रिशलाबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. अंगुरीबाईंना तो शब्द तोंडानं उच्चारावा लागला. मग त्या घाईघाईनं म्हणाल्या, "पन तू तशी नव्हतीच. डाक्टर म्हने, डोक्याची घडनच येगळी असते, हुशारीचं काई नसते."

"डाक्टरनं तुले सांगितलं," त्रिशलाबाई म्हणाल्या. "मले कोन सांगनार होतं?"

चहा उतू गेला, म्हणून त्या आत गेल्या. 'उत्तम क्षमा' त्या दिवशी कुणी म्हटलं नाही.

परतीच्या एसटीत अंगुरीबाई खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर गावांच्या पाट्या येत होत्या, जात होत्या. मंगरूळपीर आलं, तरी गाव कोणतं, हे त्या मला विचारत नव्हत्या.

"राखी," त्या म्हणाल्या, "मले अक्षर जाऊन दोन मयनेच झाले. थे उमरभर अशी एकटीच बसली."