झाडावर चढण्याआधीची हाक

छाटणी संपली की लाकूड मालकाकडे राहतं आणि पाला आम्ही घरी नेतो. पाला शेळ्या संपवतात. पाल्याबरोबर किस्सेही घरी येतात, ते मात्र कोणी संपवत नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही, त्यामुळे माझ्याकडे तर त्यांचा ढीगच लागला आहे. थोडे लिहून मोकळा होतो.

आधी आमच्या धंद्याचा एक नियम सांगतो. नागपुरात एकाच्या अंगणात झाड असतं तेव्हा शेजाऱ्याच्या अंगणात न्हाणी असते, आणि जुन्या वस्त्यांत न्हाणीला बहुतेक छप्पर नसतं. म्हणून चढण्याआधी मोठ्याने हाक द्यायची, "झाडावर चढून राहिलो वं बायांनो, आडोशाले व्हा!" दोनदा हाक, मग शंभरपर्यंत आकडे मोजायचे, मग झाड. माझ्या दौलतमामाने तीस वर्षं ही हाक दिली. ती ऐकून दोन गल्ल्या सोडून खिडक्या लागायच्या.

मग मामाचा गुडघा गेला आणि चढायचं काम माझ्याकडे आलं. चढायला मी खारीसारखा चढतो. हाक मात्र येत नाही. गुरुजींनी धडा वाचायला उभं केलं की मी पुस्तकाआड तोंड लपवायचो, त्यातच आठवीत शाळा सुटली. आणि आता अनोळखी बायकांना ओरडून सांगायचं, आत जा म्हणून.

मामा म्हणाला, "पाहा गा सुदाम, हाक नाही तर हा चढाचा दोर नाही. पोळ्यापर्यंत पाहतो. नाही जमलं तर दोर शेजारच्या सखारामच्या पोराले देतो, अन् तू उमरेडले जा, कोळशाच्या खदानीत."

खदानीत मला जायचं नव्हतं. झाडावर मला बरं वाटतं. तिथे कोणी काही विचारत नाही.

पहिलं काम महाल भागात मिळालं, चिंचेचं. मी बुंध्याला तोंड लावून हाक दिली. ती फार तर चिंचेने ऐकली असेल. वर पोहोचलो तर बाजूच्या गच्चीवर एक बाई कुरडया घालत होती. तिने मान वर केली, हातात कोयता घेतलेला माणूस पाहिला आणि "चोर" म्हणून असा आवाज दिला, की तो ऐकून मला हेवा वाटला. चार माणसं काठ्या घेऊन आली.

खाली मामा हात जोडून सांगत होता, "चोर नाही बापा, माझा भाचा होय."

त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "मंग याले पहिले धर. तो तर उतरूनच राहिला."

त्यानंतर रामदासपेठेतल्या एका साहेबांचा आंबा. खिडकीवर आलेली फांदी काढायची होती. बाईसाहेबांनी खालून बोट दाखवलं, मी करवत लावली. अर्धी फांदी कापल्यावर दिसलं, की तिच्यावर रेडिओच्या एरियलची तार बांधली आहे. आत साहेब क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत होते. आता "साहेब, तार आहे" एवढे तीन शब्द बोलायचे. मी ते मनात दोनदा म्हणून पाहिले. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत फांदी पडली.

साहेब बाहेर आले. वर पाहिलं, खाली पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "शेवटची जोडी खेळत होती. आता तू सांग, पुढे काय झालं."

मी उतरून तार गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली.

मामाने घरी जाताना सायकल हातात धरून मला तासभर समजावलं. "तार दिसली होती न तुले?"

"हाव."

"मंग बोलला काहून नाही?"

"बोलूनच राहिलो होतो."

मामा सायकलवर बसला आणि एकटाच पुढे निघून गेला.

मग त्याने जुन्या बाजारातून एक पितळी घंटी आणली. आवाज नाही तर नाही, घंटी वाजव म्हणाला. मला ही युक्ती फार आवडली. इतवारीत, भर उन्हाळ्याच्या दुपारी, बकुळीखाली उभा राहून मी घंटी वाजवली. शंभर मोजायच्या आत वस्तीतली सगळी पोरं वाट्या घेऊन हजर. कुल्फीवाला आला समजून. झाडाखाली पोरं असताना कोयता चालवता येत नाही. कुल्फी नाही हे कळल्यावरही ती जायला तयार नव्हती. शेवटी मामा स्वतः कोपऱ्यावर गेला आणि खऱ्या कुल्फीवाल्याला पुढच्या गल्लीत उभं करून आला.

घंटी मामाने घरी खुंटीला टांगली.

आता तो स्वतःच माझ्यासाठी हाक देऊ लागला. पहिल्या दिवशी सवयीने "झाडावर चढून राहिलो" म्हणाला. तेव्हा ओट्यावरचे एक पेन्शनर चष्मा सारखा करून म्हणाले, "कुठे चढलास? मला तर तू जमिनीवरच दिसतोस."

म्हणून त्याने हाक बदलली, "माझा भाचा झाडावर चढून राहिला वं बायांनो!" याने फार वाईट झालं. बायका आत जाण्याऐवजी बाहेर आल्या.

"कोणता भाचा गा? बहिणीचा का?"

"लग्न झालं का त्याचं?"

"दिसते तर बरा. बोलत काहून नाही?"

मामा एकेकीला निवांत उत्तरं देत होता: वय, गाव, आठवीपर्यंत शाळा. मी वर बदामाच्या एकाच फांदीकडे तोंड करून ती तासत बसलो. खाली बघायची सोय नव्हती. त्या फांदीला पुढे दोन वर्षं पान आलं नाही.

त्या संध्याकाळी मामाने दोर गुंडाळला आणि म्हणाला, "पोळा परवा आहे. उद्याचं काम शेवटचं. उद्या मी तोंड उघडणार नाही."

उद्याचं काम धंतोलीत होतं, एका वकिलांकडे. मोठा कडुनिंब, फांद्या शेजारच्या अंगणावर गेलेल्या. वकील म्हणाले, "कंपाउंडपलीकडे आजी एकट्या राहतात. त्यांना जरा कमी ऐकू येतं, तेवढं सांभाळा."

भिंतीपलीकडून तांब्याने पाणी घेतल्याचा आवाज येत होता. बांबूच्या तट्ट्यांची न्हाणी, वर आभाळ. मामा खाली बसला, दोर खांद्यावर, तोंड बंद.

मी भिंतीच्या उंचीखालच्या बेचक्यात पाय रोवला, कपाळ खोडाला टेकवलं, डोळे मिटले आणि हाक दिली. पाण्याचा आवाज चालूच. पुन्हा दिली. चालूच. तिसऱ्यांदा आवाज मला स्वतःलाच मोठा वाटला. चौथ्यांदा समोरच्या बंगल्याच्या खिडक्या लागल्या. सहाव्यांदा मागच्या गल्लीत कोणीतरी दाराची कडी घातली. वकिलांच्या बाई आत गेल्या. रस्त्यावरच्या सायकलवाल्याने दुकानाच्या फळ्या लावल्या. धंतोलीत बाहेर कोणी उरलं नसेल, तरी पलीकडे तांब्या चालूच होता. मी दहाव्यांदा ओरडलो.

खालून काहीतरी येऊन माझ्या खांद्यावर पडलं. डोळे उघडले तर मामाचा दोर. मामा दुसरीकडे पाहत नाक पुसत होता.

तेवढ्यात पाणी थांबलं. लुगडं नेसून, ओले केस पंच्याने पुसत आजी अंगणात आल्या. भिंतीपाशी येऊन टाचा उंच केल्या, तेव्हा बेचक्यात मी दिसलो. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"काहून गा पोरा," त्या म्हणाल्या, "झाडावर चढाचं तर पहिले एक हाक नाही द्यावी?"