पोटावरचे ठिपके

दिवेलागणीच्या थोडं आधी आमचं घर गप्प व्हायचं. सासूबाई टीव्हीचा आवाज बंद करायच्या, चित्र तसंच हलत राहायचं. नवरा बँकेतून आला की बूट न वाजवता काढायचा. माधवगंजातली आमची गल्ली एरवी भाजीवाल्यांच्या हाकांनी आणि स्कूटरच्या हॉर्नांनी भरलेली, पण त्या वेळी तीसुद्धा कान देऊन बसल्यासारखी वाटायची. मग सासूबाई रस्त्याकडच्या खिडकीची कडी लावायच्या आणि हळूच म्हणायच्या, "आली."

कोण आली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. थोड्याच वेळात पाळण्यातली माझी मुलगी रडायला लागायची.

ते रडणं भुकेचं नव्हतं. भुकेचं रडणं मला ओळखू येऊ लागलं होतं. ते आधी कुरकुरतं, तोंडाने चाचपडतं. हे एकदम यायचं. मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी, पोट ढोलकीसारखं ताठ, चेहरा लालभडक. छातीशी धरलं तर ती मला ढकलून द्यायची. आणि तिचे डोळे उघडे असायचे. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे, भिंतीवरच्या एकाच जागेकडे. असं खूप वेळ चालायचं. मग आलं तसं ते निघून जायचं, ती दमून झोपायची, आणि समोरच्या घराची खिडकी उघडल्याचा आवाज यायचा. म्हणजे तेही खिडक्या लावून ऐकत बसलेले असायचे.

मी पर्च्यांवर, छापील पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजिऱ्याला राहायचो. बंद पडलेल्या गिरणीच्या कामगारांसाठी बाबा पर्चे लिहायचे, छापून आणायचे आणि बाजारात वाटायचे. इतरांच्या घरी लोक देवापुढे हात जोडायचे त्या वेळी आमच्याकडे पर्च्यांच्या घड्या घातल्या जायच्या. मजुरीवर, पाण्यावर, बुवाबाजीवर. एका पर्च्यावर बाळाचं चित्र होतं, त्याच्या पोटाजवळ तापलेली सळई, आणि सगळ्यावर मोठी लाल फुली. बाळ रडतं म्हणून, दूध टाकतं म्हणून, धाप लागते म्हणून त्याच्या पोटावर चटके देतात, हे मला अक्षरओळखीबरोबरच कळलं. "कोण देतं?" मी विचारलं होतं. "लोक," बाबा म्हणाले होते. ते लोक कुठेतरी लांब, जंगलातल्या वस्तीत राहतात असं मी धरून चालले. शिकलेल्या मराठी घरात, जिथल्या सासूबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या, तिथे ते राहत असतील असं माझ्या मनातही आलं नाही.

मुलीला घेऊन मी गोरखीजवळच्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी तिला उघडं करून नीट तपासलं. वजन वाढत होतं, ताप नव्हता, दूध व्यवस्थित जात होतं.

"कॉलिक आहे," त्या म्हणाल्या. "धडधाकट बाळंसुद्धा अशी रडतात. पहिले काही आठवडे वाढत जातं, मग तीन-चार महिन्यांची झाली की आपोआप थांबतं."

"पण होतं कशामुळे?"

"कोणी गॅस म्हणतं, कोणी म्हणतं आतडी अजून कच्ची असतात, कोणी म्हणतं दिवसभराचा गोंगाट त्यांना झेपत नाही. खरं सांगायचं तर नक्की माहीत नाही."

त्यांनी काय करायचं ते सांगितलं. पाजल्यावर उभं धरून ढेकर काढा. उजेड कमी करा. हातावर पालथं धरून सावकाश फिरा, एकसारखा आवाज कानावर पडू द्या. घुटी, मध, ग्राइप वॉटर काही नको. ताप आला, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं किंवा दूध तोडलं तर ताबडतोब या. "आणि तुम्हाला अगदी असह्य झालं, तर तिला पाळण्यात उताणं ठेवा, दाराबाहेर जाऊन पाणी प्या. आईने दोन मिनिटं दूर जाणं चालतं. बाळाला गदागदा हलवणं कधीच चालत नाही."

सगळं पटलं. पण जिना उतरताना माझ्या कानात एकच गोष्ट घुमत होती, 'नक्की माहीत नाही.' बाबांच्या एकाही पर्च्यावर हे वाक्य नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं आणि उत्तराच्या शेवटी उद्गारचिन्ह. ज्याला उत्तर नाही अशा गोष्टीसमोर रोज संध्याकाळी उभं कसं राहायचं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

आणि एका संध्याकाळी मी वळून पाहिलं. ती रडत होती, डोळे माझ्या खांद्यामागे खिळलेले, आणि माझी मान आपोआप फिरली. मागे काही नव्हतं. कॅलेंडरचा रिकामा खिळा आणि ट्यूबलाइटचा थरथरता उजेड. पण दारात सासूबाई उभ्या होत्या.

"तूपण बघितलं ना?" त्या म्हणाल्या.

"काही नाही तिथे, आई."

"मग वळून का बघितलंस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आत्याबाईंना फोन केला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण. सासरे गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्या संध्याकाळीच आल्या, रडणं सुरू झाल्यावर. चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "अगं, किती रडवता लेकराला! सगळा मोहल्ला पूछतोय मला." मग हात धुतले आणि देव्हाऱ्यातून चांदीची सळई काढली. ती सळई मी लग्न होऊन आल्यापासून पुसत होते. जुनी काजळाची असेल असं मला वाटायचं. आत्याबाईंनी तिचं टोक समईच्या ज्योतीवर धरलं.

"हे काय करताय?"

"डाग द्यायचा. बेंबीच्या भोवती, जरा जरा. चर्र झालं की संपलं."

मी मुलीला इतकं घट्ट धरलं की ती आणखी जोरात ओरडली. "हात लावू देणार नाही मी. हा गुन्हा आहे, आत्याबाई. पोलिसांना बोलवीन."

आत्याबाई नवऱ्याकडे बघून हसल्या. "ऐक रे, पर्चा वाचतेय तुझी बायको! सूनबाई, तुझ्या बापाचे पर्चे माझ्या दाराखालूनही सरकायचे. कागद चांगला असायचा. भज्यांचं तेल निथळायला ठेवायची मी." मग हसू गेलं. "तुझ्या नवऱ्याला काय झालं? दाखव रे हिला."

त्यांनी पोटाकडे बोट केलं तसा नवऱ्याने शर्ट वर केला. ते ठिपके माझ्या ओळखीचे होते. बेंबीभोवती गोलाकार, फिकट, जरा चकचकीत. लग्नानंतर मी त्यांवरून कितीदा बोट फिरवलं होतं. कांजिण्यांचे आहेत, असं त्याने सांगितलं होतं, कारण त्यालाही तेच सांगितलेलं होतं. आत्याबाईंनी आपला पदर सरकवला. तेच ठिपके, तशीच गोलाई, सुरकुत्यांमध्ये ताणलेली. "वहिनी, तूपण दाखव ना." सासूबाईंनी दोन्ही हातांनी पदर पोटाशी दाबून धरला, आणि मला समजलं.

ट्यूबलाइटच्या उजेडात ते तिघं माझ्यासमोर उभे होते, पोटांवर एकाच हाताने काढल्यासारखी नक्षी घेऊन. पर्च्यातले लोक. त्यांच्यापैकी एकाच्या कुशीत मी झोपत होते.

"सांग, यांच्यातलं कोण रडतंय आता?" आत्याबाई म्हणाल्या.

"कोणीच नाही! कारण सगळीच बाळं थांबतात. सळई लावा, नाहीतर नका लावू. ती आपली आपण थांबतात आणि तुम्ही म्हणता, आम्ही थांबवलं!"

"बरं, बरं. आण तिला. पाय आईने धरायचे असतात."

"मी नाही धरणार."

"मग वहिनी धरेल. याचेही तिनेच धरले होते."

"मला तर काही आठवतसुद्धा नाही," नवरा म्हणाला. त्याचा शर्ट अजून वरच होता. "एकदाच तर आहे..."

सासूबाई पुढे आल्या आणि त्यांनी माझ्या हातांतून मुलीला काढून घेतलं. मी सोडलं नव्हतं. पण त्यांच्या हातांत अशी काही ताकद होती की माझी बोटं उघडली. त्या समईजवळ गेल्या. सळईचं टोक लाल झालं होतं. त्यांनी झबलं वर केलं. मी त्यांच्या दंडाला धरलं.

त्यांनी बाळाच्या पोटावर आपला तळहात ठेवला. आणि तो तिथून काढलाच नाही.

"ताई," त्या म्हणाल्या, "याचं रडणं थांबलं नव्हतं. आवाज थांबला होता."

"काय बोलतेस?"

"मी पाय धरले होते ना. तोंड उघडं, डोळे उघडे, आणि आवाज नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत दूध नाही घेतलं याने. नुसता माझ्या मागे कुठेतरी बघत होता. तुम्ही सगळे म्हणालात, बघा, कसा गप्प झाला. पेढे आणले." त्यांनी श्वास घेतला. "मला ते गप्प अजून ऐकू येतं. रोज या वेळेला येतं."

"मग फोन कशाला केलास मला?"

"घाबरले म्हणून."

आत्याबाईंनी सळई ज्योतीवरून काढली. ती लालची काळी होईपर्यंत माझी मुलगी रडत होती. मग त्या चहा न घेताच गेल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "रडू दे मग. मला नका बोलवू." मी ते आनंदाने मान्य केलं.

त्या संध्याकाळी कुठलाही चमत्कार झाला नाही. सासूबाईंनी तिला आपल्या हातावर पालथं घेतलं, गाल कोपराशी, पाय दोन्हीकडे लोंबते, आणि त्या अंधाऱ्या पडवीत येरझाऱ्या घालू लागल्या. नळाला पाणी आलं तशी नवऱ्याने मोटर लावली. त्या घरघरीत रडण्याचा सूर जरासा खाली आला. मग रोज आम्ही तेच करत राहिलो, आळीपाळीने, मोटरच्या खोलीबाहेर. कधी उपयोग व्हायचा, कधी अजिबात नाही. नवऱ्याची पाळी असली की तो दुसऱ्या हाताने नकळत आपलं पोट चाचपायचा. मी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आपण तो पर्चा माधवगंजात कधी वाटलाच नाही."

मग एका संध्याकाळी टीव्हीचा आवाज बंद झाला, बूट न वाजता निघाले, सासूबाईंनी खिडकीची कडी लावली, आणि काहीच झालं नाही. आम्ही तिघं पाळण्याभोवती उभे राहिलो. गल्लीही ऐकत होती. ती शांतता मला रडण्यापेक्षा भयंकर वाटली. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी बाळाच्या नाकाखाली बोट धरलं, मग झबलं वर करून पोट पाहिलं, सगळीकडून, जणू कोणी आमच्या नकळत येऊन गेलं असेल. पोट मऊ होतं, कोरं होतं, श्वासाबरोबर वरखाली होत होतं.

मुलगी जागी होती. माझ्या खांद्यावरून मागे, भिंतीवरच्या त्याच जागेकडे बघून ती हसली.

मी पुन्हा वळून पाहिलं. खिळा, उजेड. तिला तिथे काय दिसतं, मला माहीत नाही.

सासूबाईंनी झबलं खाली ओढलं. "पाज तिला," त्या म्हणाल्या. मी तिला छातीशी घेतलं. ती लगेच चुरूचुरू पिऊ लागली, आणि तो आवाज ऐकत त्या खिडकीपाशी गेल्या आणि त्यांनी कडी काढली.