दादा गेल्यावर नऊ दिवस पिवळं आलेलं पाणी

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी चहासोबत वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो, हे आधीच कबूल करतो. त्यात आमचं घर बौद्ध. आण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले मास्तर. घरात अंगारा, उतारा, गंडा-दोरा यातलं काही चालायचं नाही. लहानपणी 'चिंचेखाली भूत आहे' म्हणालो तर आण्णांनी भर दुपारी त्याच चिंचेखाली बसवून पाढे म्हणायला लावले होते. त्यामुळं हे लिहिताना थोडी लाजच वाटते. तरीपण लिहितो.

आमचं गाव हातकणंगले स्टेशनपासून पाच-सहा किलोमीटरवर. साल २००३, जुलै महिना. गावाच्या पाण्याच्या टाकीत रोज सकाळी टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, टाकायचं काम माझ्या थोरल्या भावाकडं होतं. बादलीत पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं... पंचवीस-तीस पायऱ्यांचा लोखंडी जिना चढून, पावसातसुद्धा. मग सात वाजता पंचायतीचा शिपाई म्हादू पाणी सोडायचा आणि टाकी रिकामी व्हायची. दादानं ही पावडर चौदा वर्षांत एकदाही चुकवली नाही. मी त्याला चिडवायचो, "तुझ्यावाचून गाव काय मरतंय व्हय रं?" तो म्हणायचा, "मरंल की. तुला काय कळतंय त्यातलं?"

एका संध्याकाळी जेवता जेवता त्याच्या छातीत कळ आली. गाडीत घातलं, पण दवाखान्यात पोचायच्या आतच संपलं. वय एक्केचाळीस. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा.

मी तेव्हा शिरोलीला एका फौंड्रीत सुपरवायझर होतो. कळंब्याला भाड्यानं दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, महिनाअखेरीस बायको-पोरांना घेऊन तिकडं जायचं ठरलं होतं. दादा गेल्यावरही बेत बदलला नव्हता. जलदान विधी उरकायचा आणि निघायचं. गावाशी माझं देणं-घेणं तेवढंच, असं मी मानत होतो.

नवव्या दिवशी सकाळी आरोग्यसेवक चौगुले भेटायला आले. शेजारच्या गावात गॅस्ट्रोची साथ सुरू होती. दोन म्हाताऱ्या दगावल्या होत्या. म्हणून ते आमच्या गावात रोज नळाचं पाणी तपासत होते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं आणि औषधाचे थेंब टाकायचे... पाण्यात पावडर असेल तर ते पिवळं होतं, नसेल तर आहे तसंच राहतं. चौगुले माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मानलं बगा तुमाला. एवढं दुःख कोसळलं, पर पावडर एक दिस चुकली न्हाय. रोज पिवळं येतंय."

"मी कुठं टाकतोय?" मी म्हणालो. "पंचायतीनं माणूस ठेवला असेल."

म्हादूला हाक मारली. तो दारातच थबकला. "आमाला वाटलं तुमीच टाकताय. पावडरच्या खोलीची किल्ली तुमच्या घरात हाय न्हवं? आनि दुःखाच्या घरात किल्ली मागाय कुनी यायचं? बरं दिसतंय व्हय ते?"

म्हणजे नऊ दिवस आम्ही पंचायतीवर आणि पंचायत आमच्यावर विसंबून राहिली होती. शेजारी माणसं मरत होती आणि इथं शिष्टाचारापायी तोंड उघडून कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

वहिनींनी किल्ली काढून दिली. ती दादाच्या शर्टाच्या खिशातच होती आणि त्या शर्टाला त्यांनी हात लावला नव्हता. आम्ही खोली उघडली. जुनी गोणी दादानं गेला त्याच दिवशी सकाळी संपवून घडी करून ठेवलेली. नव्या गोणीची शिवण तशीच, एक टाका उसवलेला नाही. बादली पालथी, कोरडी ठाक.

चौगुल्यांनी तिथल्या तिथं टाकीचं पाणी तपासलं. पिवळं!

"औषध जुनं असंल का?" मी विचारलं.

"ह्याच बाटलीतलं औषध काल शेजारच्या गावात वापरलंय. तितलं पानी पांढरं आलंतं," ते म्हणाले आणि नळी धुवायचंसुद्धा विसरले.

आण्णांना सगळं सांगितलं. पोराच्या मरणानं ते नऊ दिवसांत निम्मे झाले होते, पण आवाज मास्तरचाच. "कारण सापडलं नाही म्हणजे भूत सापडलं, असं होत नाही. कारण शोध." मग माझ्या हातातल्या किल्लीकडं बोट करून म्हणाले, "ते कधीपण शोध. उद्या पावडर कोण टाकणार, ते आधी सांग."

दुसऱ्या दिवशी सहाला जिना चढलो. पावडर टाकण्याआधी पाणी तपासायचं डोक्यातच आलं नाही, त्याची चुटपुट अजून आहे. कळंब्याच्या खोल्यांना नको म्हणून कळवलं. बायको आठवडाभर धड बोलली नाही. शिरोलीला जायच्या आधी पावडर, मग ड्यूटी... असं सुरू झालं ते झालंच. आमच्या गावात गॅस्ट्रोचा एकही पेशंट निघाला नाही.

आता एक कबुली. सहा-सात महिन्यांनी, एका सकाळी, मी मुद्दाम पावडर टाकली नाही. म्हादूला म्हणालो, "मी सांगेपर्यंत पाणी सोडायचं नाही." चौगुल्यांकडून नळी आणि औषध मागून आणलं होतं. आण्णांना कळलं असतं तर त्यांनी मला पुन्हा पाढे म्हणायला बसवलं असतं. पण मला ते पाणी पिवळं व्हायला हवं होतं. फार हवं होतं.

थेंब टाकले. नळी उजेडाला धरली. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

पाणी पांढरं ते पांढरंच.

ते नऊ दिवस काय होतं, मला माहीत नाही. चौगुल्यांनाही नाही. आण्णा शेवटपर्यंत 'शोध' म्हणत राहिले आणि मी शोधू शकलो नाही. पण दादा गेला, हे मला त्या सकाळी टाकीखाली कळलं. जाळताना कळलं नव्हतं. लहान पोरासारखा रडलो.

"आवो, बाया घागरी घेऊन वरडाय लागल्यात," म्हादू हळूच म्हणाला. "काय सांगू?"

"अर्धा तास थांबा म्हणावं," मी म्हणालो आणि बादली घेऊन जिना चढायला लागलो.