रिकाम्या कॅरियरचं वजन

आधीच सांगतो, म्हणजे नंतर भांडण नको. आमच्या कांदिवलीतल्या चारकोपच्या सोसायटीत भुताच्या गोष्टी सांगून पोरांना रडवणारा माणूस मीच. गणपतीत लाइट गेले की पांढरी चादर पांघरून जिन्यात उभा राहणाराही मीच. त्यामुळे भुतंबितं काही नसतं, हे माझ्याइतकं खात्रीने कोण सांगणार? सोसायटीतली सगळी भुतं माझ्याच हातची होती!

म्हणूनच हे लिहायला वर्ष लागलं. माझ्या तोंडून खरी गोष्ट निघाली, तर ती ऐकणार कोण?

माझ्या शेजारी रवी राहतो. ड्राफ्ट्समन, माणूसही सरळ रेषेतला. बावीस वर्षं आमची दारं समोरासमोर आहेत. त्याची अँजिओप्लास्टी झाली. आठ महिन्यांनी डॉक्टरांनी त्याला बॅटरीची सायकल चालवायला परवानगी दिली, पण एका अटीवर. छातीवर जोर यायला नको, चढावर मोटर चालू पाहिजे. त्याने सायकल घेतली आणि आठवड्यात मीही घेतली. मला काही झालं नव्हतं. नुसता जळफळाट.

मग काय, दर रविवारी आमची स्वारी निघायची. बावीस वर्षं कांदिवलीत राहून आम्ही कांदिवलीच पाहिली नव्हती! खाडीच्या कडेच्या वाटा, तिवरांमागचे बांध, कुठल्यातरी जुन्या विहिरीपाशी संपणाऱ्या गल्ल्या... गाडीतून हे दिसत नाही आणि पायी तिथपर्यंत कोणी जात नाही. निघताना मीना वहिनी, म्हणजे रवीची बायको, दारात यायची.

"भाऊजी, चढावर ह्यांची मोटर चालू आहे ना, तेवढं बघा. बाकी काय गोंधळ घालायचा तो घाला."

मी छातीवर हात ठेवायचो. "वहिनी, प्राण गेला तरी—"

"तेवढं सोडून काहीही बोला," ती म्हणायची.

त्या जानेवारीतल्या रविवारी आम्ही बोरिवलीच्या जेट्टीवरून सायकली बोटीत चढवल्या आणि पलीकडे गोराईला उतरलो. गाव मागे टाकून मनोरीच्या दिशेने साधारण दोन किलोमीटर गेलो. तिथे डांबरी रस्त्यावरून उजवीकडे ताडांमधून एक तांबड्या मातीची वाट जाते. सुरुवातीलाच चिंचेचं झाड, खाली दगडी कट्टा, आणि तिथून पुढे सरळ चढ. वेळ दुपारी बाराची. ऊन स्वच्छ, पोटात सकाळचे पोहे. डोकं ठिकाणावर होतं, हे मुद्दाम सांगतोय.

रवी पुढे थांबून ताडांचे फोटो काढत होता. मी कट्ट्यापाशी पाणी प्यायलो. कट्टा झाडून लख्ख केला होता. वस्ती दिसत नाही, मंदिर नाही, क्रूस नाही, आणि कट्ट्यावर एक पान नाही. कोणीतरी येऊन बसणार असावं, तसा.

माझी आई मालवणकडची. ती म्हणायची, "बाराच्या वेळाक रिकाम्या जाग्याक हाक मारूक नये रे." ते मला त्या क्षणी आठवलंसुद्धा! आणि आठवलं म्हणूनच जीभ वळवळली. मी कमरेत वाकलो, एसटीच्या कंडक्टरसारखा हात केला आणि म्हणालो, "या आजोबा, लाजू नका! माझ्या मागे नको, तो पुढे उभा आहे ना, त्याच्या मागे बसा. माणूस चांगला आहे. घरी सोडेल तुम्हाला."

रवीला हे ऐकू गेलं नाही. प्रेक्षक नसला तरी मी नाटक करतो, ही माझी जुनी खोड.

आम्ही निघालो. तो पुढे, मी मागे.

पहिल्यांदा मला त्याचं मागचं टायर दिसलं. जवळजवळ रिमपर्यंत दबलेलं. पंक्चर म्हणावं तर चाक नीट फिरत होतं. मग मी मातीकडे बघितलं. माझ्या चाकाची खूण पुसटशी उमटत होती. त्याची खोल, डबलसीट सायकल गेल्यासारखी. आणि कॅरियरवर काहीच नव्हतं.

"पक्या, मोटर ओढत नाहीये रे!" रवी ओरडला. "निघालो तेव्हा पाच काड्या होत्या बॅटरीच्या. आता दोन... एक!"

"उतर, रव्या. उतर खाली."

"अर्धा चढ तर झाला. मारतो पायडल."

तो उभा राहून पायडल मारायला लागला. मी त्याच्या बाजूला पोचलो. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. कानामागून घाम गळत होता.

"रव्या, आईशप्पथ सांगतो, तुझ्या मागे कोणीतरी बसलंय. उतर!"

तो धापा टाकत हसला. "मागच्या रविवारी... माझ्या पिशवीत अजगर होता. आज काय... म्हातारी?"

"यार, मी खरंच बोलतोय!"

"तू थापा मारतोस तेव्हाही... असाच दिसतोस. नाटकं बंद कर."

आणि तो थांबेना. मी जितका गयावया करत होतो, तितकं त्याला ते नाटक वाटत होतं. बावीस वर्षं मी त्याला हेच शिकवलं होतं, की पक्याचं ऐकून थांबायचं नाही, थांबला तो फसला. हँडल धरून ओढावं तर तो पडला असता. मला मीना वहिनी दिसत होती, दारात उभी. चढावर मोटर चालू आहे ना, तेवढं बघा.

मग मी रवीशी बोलणं सोडून दिलं. त्याच्या रिकाम्या कॅरियरकडे बघून, अगदी हळू, ना आवाज लावून ना हात करून, म्हणालो, "चूक माझी. बोलावलं मी, त्याला माहीतही नाही. त्याचं काळीज दुखरं आहे. माझ्या मागे या. मी सोडतो."

माझी सायकल मागून खाली बसली. धाडकन नाही हो. एखादं वयस्क माणूस आधी हात टेकवून मग बसतं, तशी.

त्याच क्षणी रवीची सायकल अशी पुढे सुटली की तो पडता पडता वाचला. मोटर घूं घूं करत त्याला वर घेऊन गेली. मी पोचलो तेव्हा तो ताडाला टेकून बसला होता, डोळे मिटून. बॅटरी पुन्हा तीन काड्या दाखवत होती.

"दुखतंय?"

"नाही. दम लागलाय फक्त." पण हात छातीवर होता.

"पाणी पी. हलू नकोस. खाली घर दिसतंय का बघून येतो."

"जा. भूत घेऊन येऊ नकोस फक्त."

मी सायकलवर बसलो.

माथ्यावरून वाट दोन बाजूंना उतरत होती. उजवीकडे हँडल वळवलं तर सायकल जागची हलेना. डावीकडे वळवलं तर आपण होऊन चालू लागली. ज्याने आयुष्यात डबलसीट चालवली आहे त्याला कळेल, वळणावर मागचा माणूस आपल्याबरोबर झुकतो. तसं झुकणं मला प्रत्येक वळणाला जाणवत होतं. खड्डा आला की माझा शर्ट उजव्या बरगडीपाशी घट्ट ओढला जायचा आणि सोडला जायचा. मागे वळून बघायची हिंमत... नाही झाली. उगाच फुशारकी मारत नाही.

वाट एका जोत्याशी संपली. नुसतं जोतं, वर घर नाही. पलीकडे एक बाई झावळ्या गोळा करत होती, साठीची असेल.

"कोण पाहिजे?" तिने विचारलं.

"इथे कोण राहायचं, मावशी?"

"म्हातारा राहायचा एक. एकटाच. बाजाराला जायचा नि येताना त्या चिंचेखाली बसायचा, कोण घरी सोडतंय का बघत. चढ झेपत नव्हता त्याला."

"मग?"

"मग काय. एक दिवस कोणी नाही सोडलं." तिने झावळी गठ्ठ्यावर टाकली. "घर पुढे पडलं. कट्टा तेवढा मी झाडते अजून."

एवढं बोलून तिने माझ्या मागच्या चाकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावर पदर घेतला, गठ्ठा उचलला आणि निघून गेली.

मी घरी सोडतो म्हणालो होतो, आणि घर तर नव्हतंच. मला एकही वाक्य सुचेना. मला! शेवटी म्हणालो, "आजोबा, एवढंच उरलंय. याच्या पुढे मला नेता येणार नाही."

काहीच झालं नाही. मी हँडल धरून उन्हात तसाच उभा राहिलो. पाच मिनिटं असेल, दहा असेल. मग शर्ट सुटला. मागचं टायर हळूहळू वर आलं, आणि सायकल एवढी हलकी झाली की माझ्याच हातून कलंडली.

रवीला मी सांगितलं की खाली घर नाही. ते खोटंही नव्हतं.

सोमवारी दोन्ही सायकली मेकॅनिककडे नेल्या. माझं आणि रवीचं, दोन्ही कॅरियर वाकली होती. "काका, डबलसीट नेता आणि वर बॅटरीची तक्रार करता? लोड आला की काड्या पडणारच. लोड गेला की वर येतात," तो म्हणाला. म्हणजे काड्यांचं कोडं सुटलं. लोड कसला, ते त्याने विचारलं नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे कधीच लिहिलं नसतं. पण रवी त्या दिवसापासून बसला तो बसलाच. मोटर चालू असून अर्ध्या चढावर जीव गेला, म्हणजे आपलं काळीज संपलं, हे त्याच्या डोक्यात पक्कं झालं. ईसीजी नीट, स्ट्रेस टेस्ट नीट, डॉक्टर म्हणतात पळा... हा पहिल्या मजल्यावर लिफ्टने जातो. सायकल पार्किंगमध्ये, कव्हर घालून. आणि वहिनी सगळ्यांना सांगते, "भाऊजी होते म्हणून हे वाचले." संक्रांतीला तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. मी तो खिशात घातला. गिळवत नव्हता.

अकरा महिने मी गप्प राहिलो. त्याला उभं करू शकेल अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती, आणि ती सांगायला जगातला सगळ्यात नालायक माणूस मीच होतो.

गेल्या महिन्यात एका सकाळी समोरचं दार वाजवलं आणि सगळं सांगून टाकलं. कट्टा, आजोबा, मी कमरेत वाकून मारलेली हाक, सगळं. रवी खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, आता हसेल. नाहीतर हाकलून देईल.

"शर्ट कुठून धरला होता?" त्याने विचारलं.

मी उजव्या बरगडीवर हात ठेवला.

त्याने त्या हाताकडे बघितलं. "मला वाटलं, ती अटॅकची कळ आहे," तो म्हणाला. "तिथेच ओढत होतं. मीनालासुद्धा सांगितलं नाही मी हे."

मग त्याने मला एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही. ती माझ्या हक्काची होती.

"म्हणजे तो चढ..." तो थांबला. "एकट्याने जमला असता मला?"

"रव्या, दोघांना घेऊन तू अर्ध्याच्या वर चढला होतास."

त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि तो उठून आत गेला.

हे काय होतं, त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. रवीनेही मागितलं नाही. तो आत मीनाला विचारत होता, सायकलचा चार्जर कुठे ठेवलाय.