पिल्लाच्या गळ्यातला पट्टा
जुन्नरच्या बाजारात चामड्याचा वास आला की मला लोणीजवळच्या रानात उतरलेला मेंढरांचा तळ आठवतो. मुक्या जनावरांविषयीची पत्रकं वाटत मी तिथे पोचलो होतो. मेंढपाळ मावशींनी म्हाताऱ्या कुत्र्याचा खिळ्यांचा जाड चामडी पट्टा दोन महिन्यांच्या पिल्लाला सुतळीने आवळून बांधला होता. त्याला मान वाकवून दूधही पिता येईना. मी भडकलो, "मावशी, गळा कापेल त्याचा!" "आन् बिबट्यानं नरडं धरलं मंजी? त्यो काय ल्हान हाय म्हनून सोडतो व्हय, पावणं?" त्यांचं खरं होतं, पण पिल्लू घुसमटत होतं. शेवटी ठरलं की मोठं होईपर्यंत ते रात्री कोकरांबरोबर जाळीच्या आत राहील. मी मऊ सुती पट्टा बांधला, आत दोन बोटं सरकतील इतका सैल, आणि बजावलं, "पिल्लू वाढलं की हाही आवळेल. दर आठवड्याला बघायचं." मावशी हसल्या. "सांगून जानारे लई येत्यात. बगायला कोन येनार?" "मीच येणार." पुढचे सात रविवार, गावोगाव सरकणारा तो तळ विचारत विचारत मी गाठला आणि बोटं घालून पट्टा सैल केला. आजही पत्रक लिहायला बसलो की आधी स्वतःला विचारतो, पुढच्या रविवारी तू कुठे असशील?