वालूरहून बोलणाऱ्या सुजाताताई

सकाळचे साडेनऊ वाजले असतील. जिंतूरच्या आमच्या कारखान्यात मी वेल्डरशी बोलत उभा होतो, तेवढ्यात कारखान्याच्याच नंबरवरून फोन आला. तो फोन सुजाताताईंकडे असायचा. "बोला ताई," म्हणालो, तर पलीकडं पुरुषाचा आवाज. "सर, मी सुजाताताईचा भाऊ. वालूरहून बोलायलोय. ताई गेली... पहाटं." चार दिवसांपूर्वी त्यांचा निरोप आला होता, 'ताप आहे, आजच्या फोनांची यादी उद्या पाठवते.' मी 'ठीक' एवढंच लिहिलं होतं. तो ताप डेंग्यूचा निघाला, त्यांना परभणीला आणि तिथून नांदेडला नेलं, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. याला आता दीड महिना झाला.

आमचा धंदा पेरणीयंत्रं बनवण्याचा. तीन वर्षांपूर्वी व्याप वाढला आणि फोन, पत्रं, विक्रेत्यांच्या भेटी यांत माझा दिवस कुठं जातो तेच कळेना. पुण्याला असलेली माझी मुलगी म्हणाली, "बाबा, घरी बसून ऑनलाइन काम करणारी माणसं मिळतात. व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात." मला वाटलं, एखादं मशीन असेल. निघाल्या सेलू तालुक्यातल्या वालूरच्या सुजाताताई. चाळिशीच्या, एका खासगी कॉलेजच्या ऑफिसातली नोकरी सुटलेली, आणि आईची नजर अधू झाल्यामुळं गाव सोडता न येणाऱ्या. कारखान्याचा फोन, मेल, डायरी, सगळं वालूरला गेलं. तीन वर्षांत आमची समोरासमोर भेट झाली ती दोनदाच.

सुरुवातीला मी कामं नुसती भिरकावायचो. याला पत्र लिहा, त्याची भेट ठरवा. मग काहीतरी चुकायचं आणि मी चिडायचो. एक दिवस त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, काय करायचं ते तुमी सांगायलात, कशासाठी ते सांगत न्हाईत. मी तिथं नसते, तुमचा चेहरा मला दिसत न्हाई. तेवढं सांगा, पुढचं मी निभावते." तेव्हापासून रोज दहाला आमचा पंधरा मिनिटांचा फोन सुरू झाला. मी मनातलं सगळं सांगायचो, त्या उलट प्रश्न विचारायच्या, आणि पुष्कळदा त्या प्रश्नातच माझा घोळ मला दिसायचा. पाथरीचे आमचे एक जुने विक्रेते फोनवर गोड बोलायचे. ताई म्हणाल्या, "ते मनातून नाराज हायत. हे काम माझ्या फोनानं व्हायचं न्हाई, तुमी स्वतः जा." गेलो, तर ते खरोखरच आम्हाला सोडायच्या बेतात होते. चहा घेता घेता आमच्याकडंच राहायला राजी झाले.

मग पालमकडं एक घटना घडली. आमच्या यंत्राच्या साखळीवरचं झाकण निसटलं आणि एका शेतकऱ्याची दोन बोटं चेचली. त्याची बायको फोन करायची. मी घाबरलो होतो... आज लिहितोय, तेव्हा घाबरलो नव्हतो म्हणण्यात अर्थ नाही. ताईंना सांगितलं, "साहेब बाहेरगावी आहेत म्हणा." त्यांनी दोनदा तसं सांगितलं. तिसऱ्यांदा मलाच फोन केला. "सर, आता मी खोटं बोलणार न्हाई. त्या बाईला माझा आवाज ओळखू येतो, तुमचा येत न्हाई."

"तुम्ही सहायक आहात, मालक नाही," मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, "बरं."

दहाचा फोन मी त्याच दिवसापासून बंद केला. नुसते निरोप. त्यांचं काम तसंच चोख होतं, फक्त प्रश्न यायचे थांबले. दोन आठवड्यांनी त्यांच्याकडून एक लांबलचक निरोप आला, सोबत झाकणाचे फोटो. बोल्टचं भोक कडेच्या फार जवळ पाडलंय आणि अशाच तीन तक्रारी आधीही आल्यात, असं त्यात होतं. तक्रारदारांची गावं, नावं, सगळं. मी तो वरवर चाळला आणि बाजूला ठेवला. पुढच्याच महिन्यात त्या गेल्या.

निरोप नीट वाचला तो त्यानंतर. भोकाची जागा बदलली, विकलेल्या यंत्रांची झाकणं माणसं पाठवून बदलायला लावली, आणि पालमला गेलो. तो माणूस ओट्यावर बसला होता. एक बोट वाचलं होतं, दुसरं नाही. उपचाराचं मी बघतो, असं म्हणायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "त्या ताई आल्या व्हत्या की. रविवारी, एस्टीनं. मशीनचे फोटू काढले, डॉक्टरचे कागद बघितले. तुमीच पाठवलं म्हणाल्या."

मी पाठवलं नव्हतं. माझ्यासाठी खोटं बोलायला नकार देणारी बाई त्या ओट्यावर माझ्यासाठीच खोटं बोलून गेली होती, आणि त्यामुळंच मला तिथं बसायला चटई मिळाली. खरं काय ते मी सांगितलं नाही. मान हलवली. त्याची लाज अजून वाटते.

गेल्या आठवड्यात त्यांच्या भावानं बोलावलं. "कारखान्याचा फोन घेऊन जा सर, दिवसभर वाजायलाय." वालूरचं ते घर मी पहिल्यांदाच बघितलं. त्यांची खोली अगदी लहान. खिडकीपाशी टेबल, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कोपऱ्यात आईची खाट. आई म्हणाली, "तुमी जिंतूरचे का? बसा. ती इथंच बसायची." मी खुर्चीवर बसलो नाही, उभाच राहिलो. तेवढ्यात फोन वाजला. आईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली, भाऊ माझ्याकडं बघू लागला. मी तो उचलला.

"ताई हायत का?" कुण्या बाईचा आवाज.

"ताई... न्हाईत आता. वारल्या."

तिनं विचारलं, "तुमी कोण?"

मी माझं नाव सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं.