बंधाऱ्याखालचा लाल थर

लालासाहेब लढाईवरून सुटून घरी आला, तेव्हा त्याच्या वडिलांना, तात्याबांना वाटलं, पोरगा आता मामलेदार कचेरीत चिकटेल. फौजेत जाण्याआधी तो सांगलीच्या कॉलेजात इंटर सायन्स झाला होता. वाडीत तेवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. पण त्यानं सांगितलं, आपण पुण्याला जाणार आणि भूगर्भशास्त्र शिकणार. ते काय असतं, असं तात्याबांनी विचारलं. जमिनीच्या पोटात काय आहे ते वरून ओळखायचं, असं उत्तर मिळालं. खटावच्या माळावर जन्म काढलेल्या माणसाला जमिनीच्या पोटात काय आहे ते ठाऊकच होतं. दगड.

हा नाद त्याला आफ्रिकेत लागला होता. सफरमैनेतली, म्हणजे फौजेच्या बांधकाम-खोदकामाच्या पलटणीतली त्याची टोळी वाळवंटात पाण्यासाठी भोकं पाडायची. जागा दाखवायला एक उतारवयाचा गोरा कॅप्टन होता, लढाईआधी कॉलेजात शिकवणारा. तो टेकडीभोवती हिंडून दगडाच्या थरांचा उतार बघे आणि एका ठिकाणी काठी टेकवी. बहुतेक वेळा पाणी लागे. नाही लागलं तर ‘माझं चुकलं’ म्हणून पुढची जागा शोधायला निघे. साहेब माणूस शिपायांसमोर असं म्हणतो, याचंच लालासाहेबाला जास्त नवल वाटलं होतं.

पुण्याच्या वर्गात तो सगळ्यांत थोराड. पोरं त्याला सुभेदार म्हणत. पण लहानपणापासून पायाखाली घातलेला काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा, एका थरावर दुसरा असा साचत गेलेला, हे कळल्यावर तो सुटीत घरी येताना मोटारीतून घाटाच्या कडाच बघत बसायचा. पदवी झाल्यावर वर्गातली मंडळी पांगली. एक कलकत्त्याला सरकारी पाहणीखात्यात लागला, एकानं आसामातल्या तेलविहिरी गाठल्या, दोघे मास्तर झाले. लालासाहेबालाही झरियाच्या कोळसा खाणीवरून बोलावणं होतं. पण त्याच सुमारास साताऱ्याकडे बंधाऱ्यांच्या जागा तपासायचं काम निघालं, आणि तो घराजवळ राहिला.

वर्षभरात त्याच्याच वाडीच्या ओढ्यावर बंधारा बांधायचं घाटू लागलं. तात्याबांची मान ताठ झाली. जो भेटेल त्याला ते सांगत, माझं पोरगं पाणी आणतंय.

ओढ्यात यंत्रानं भोकं पाडली. उसाच्या कांड्यांसारखे दगडाचे तुकडे बाहेर येत, ते लाकडी खोक्यात ओळीनं मांडले जात. वरचे काळे, टणक. खाली मात्र लालभडक, भुसभुशीत माती आली. दोन लाव्ह्यांच्या मधे अडकलेला जुना थर. लालासाहेबानं दुसऱ्या काठाला भोक पाडायला लावलं. तिथे तर तो आणखी जाड निघाला. मग तो एकटाच ओढ्याकाठानं उतरत गेला. खाली दोन मैलांवर ओढा अखंड कातळात शिरत होता. बंधारा तिथे बसला असता. पण तिथून पाट काढला तर पाणी खालच्या गावांना मिळणार. वाडीकडे ते चढून थोडंच येणार होतं?

इंजिनिअर जोगळेकरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “तुमचंच गाव ना हे? घाई नाही, पुन्हा एकदा बघा.” त्यानं पुन्हा बघितलं आणि तेच सांगितलं.

दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या आत तो घरी गेला. तात्याबा गोठ्यात वैरण टाकत होते.

“आबा, बंधारा हितं व्हणार न्हाई.”

“कुनी सांगितलं?”

“मीच.”

तात्याबांच्या हातातली पेंढी तशीच राहिली. “जरा हिकडंतिकडं करून न्हाई भागत?”

“भागतंय की. पर पानी त्या लाल थरातनं वाट काढणार. आज न्हाई तर चार पावसाळ्यांनी फुटंल. खाली मान्सं ऱ्हात्यात, आबा.”

रात्री जेवताना तात्याबा त्याच्या शेजारी बसले नाहीत. सकाळी मात्र पागोटं बांधून ओढ्यावर आले आणि दाखव म्हणाले. लालासाहेबानं खोकं उघडलं. त्यांनी काळी कांडी उचलून खाली ठेवली. लाल तुकडा चिमटीत धरला तर त्याचा चुरा झाला. धोतराला हात पुसून ते आले तसे निघून गेले.

वाडीनं बोलायचं ते बोलून घेतलं. घरी येणारे कमी झाले. भावकीतल्या नानासोनं तर चावडीवर सगळ्यांदेखत म्हटलं, पोरानं गावचं पाणी परक्याला दिलं. त्यावर तात्याबा काय बोलले ते लालासाहेबाला पुढं आईकडून, बनुबाईकडून कळलं. ते म्हणाले होते, “त्यो थर म्या हातात धरून बगितलाय. माज्या पोरानं न्हाई त्यो तितं ठिवला.”

पण पोरासमोर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. बंधारा खाली झाला, खालच्या शिवारात हिरवं दिसू लागलं, आणि वाडीचा माळ होता तसाच राहिला. लालासाहेबाला याचा सल होता. आपण चूक केली असं मात्र त्याला वाटलं नाही. तसं वाटलं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याची बदली पाटणकडे, कोयनेच्या खोऱ्यात झाली. तात्याबा त्याची वळकटी खांद्यावर घेऊन मोटारीच्या थांब्यापर्यंत आले. मोटार दिसल्यावर त्यांनी विचारलं, “तिकडं कातळ चांगला हाय का?”

“ठावं न्हाई अजून. त्येच बगाय चाललोय.”

त्यांनी मान हलवली आणि वळकटी टपावर चढवायला क्लीनरच्या हातात दिली.